गाडीतला वाटाड्या : बसवलेला बरा की हातातला?

मैत्रिणींनो, तालुक्याच्या गावात दाराशी चारचाकी असणं आता नवलाचं राहिलेलं नाही. गाडी घ्यायची ठरली की घरात चर्चा रंगते. रंग कोणता, पेट्रोल की सीएनजी, महिन्याचा हप्ता किती बसेल? मग शोरूममध्ये गेलं की तिथला मुलगा हमखास सांगतो, "मॅडम, थोडे पैसे वाढवा आणि टॉप मॉडेलच घ्या. मोठा स्क्रीन आहे, नेव्हिगेशन इनबिल्ट आहे!" म्हणजे रस्ता दाखवणारा नकाशा गाडीतच बसवलेला. ऐकायला छान वाटतं. पण थोडे म्हणता म्हणता फरक बराच मोठा निघतो. हे पैसे घरखर्चातूनच जाणार असतात, त्यामुळे 'हे घेऊन आपल्याला नक्की काय मिळणार?' हा प्रश्न आपणच विचारायला हवा.

हा प्रश्न नवा नाही. जपान, अमेरिका आणि युरोपातल्या गाडीवाल्यांनी तो वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच अनुभवला. गाडीत बसवलेलं महागडं यंत्र रुसून बसायचं आणि काचेला चिकटवलेली तळहाताएवढी स्वस्त डबी बिनबोभाट रस्ता दाखवायची. असं का व्हायचं, हे समजून घेतलं तर आज आपल्याला निर्णय घेणं सोपं जाईल.

यंत्राला रस्ता कळतो कसा?

आधी थोडं तंत्र समजून घेऊ. घाबरू नका, स्वयंपाकाइतकंच सोपं आहे. रस्ता दाखवायला तीन गोष्टी लागतात. पहिली, आपण आत्ता कुठे आहोत ते कळणं. दुसरी, त्या भागाचा नकाशा. आणि तिसरी, इथून तिथे कसं जायचं याचा हिशेब.

पहिलं काम उपग्रह करतात. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने उभारलेली जीपीएस ही उपग्रहांची साखळी १९९५ मध्ये पूर्णपणे कामाला लागली. आकाशातून येणारे संकेत पकडून यंत्र आपली जागा ठरवतं. यासाठी इंटरनेट लागत नाही आणि पैसेही पडत नाहीत. सुरुवातीला मात्र अमेरिकेने सामान्य लोकांसाठीच्या संकेतांत मुद्दाम चूक मिसळली होती. त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत चुकायची. म्हणजे तुम्ही एका रस्त्यावर आणि यंत्र दाखवणार पलीकडच्या गल्लीत. मे २००० मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने ही मिसळलेली चूक काढली आणि तो फरक वीसेक मीटरच्या आत आला. घरोघरच्या गाड्यांत ही यंत्रं पोचली ती त्यानंतरच.

या सगळ्यामागे एका बाईचं मोठं काम आहे, हे किती जणींना माहीत असेल? ग्लॅडिस वेस्ट या कृष्णवर्णीय अमेरिकन गणितज्ञ १९५६ मध्ये व्हर्जिनियातल्या नौदलाच्या केंद्रात रुजू झाल्या. पृथ्वी काही चेंडूसारखी अगदी गोल नाही. तिचा नेमका आकार गणिताने मांडण्याचं काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं. त्या गणिताशिवाय उपग्रहाने सांगितलेली जागा बिनचूक आली नसती. अमेरिकेच्या हवाई दलाने २०१८ मध्ये त्यांचा गौरव केला, तोवर हे नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं.

आता मुद्द्याची गोष्ट. उपग्रह सगळ्यांना सारखेच. महागड्या गाडीला वेगळा उपग्रह मिळत नाही. फरक पडतो तो नकाशा आणि हिशेबात. नकाशा जुना झाला की यंत्र कितीही भारी असो, काही उपयोग नाही. लक्षात ठेवा, पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

आधी आलं ते बसवलेलं यंत्र

गाडीत नकाशा बसवण्याची कल्पना जपानची. होंडा कंपनीने १९८१ मध्येच असं एक यंत्र बाजारात आणलं होतं. तेव्हा सामान्यांसाठी उपग्रहांची सोय नव्हती. गाडी किती पुढे गेली आणि कुठे वळली हे मोजून ते यंत्र पारदर्शक नकाशावर ठिपका सरकवायचं. नकाशा संपला की हाताने दुसरा घालायचा! १९८५ मध्ये अमेरिकेतल्या इटॅक कंपनीने चक्क कॅसेटवर नकाशे दिले. उपग्रहावर चालणारं यंत्र कारखान्यातच बसवून आलं ते १९९० मध्ये, माझदाच्या एका गाडीत.

पुढची दहा-बारा वर्षं हा श्रीमंतांचा शौक होता. नकाशे सीडीवर, मग डीव्हीडीवर आले. ती डीव्हीडी कुठे सीटखाली, तर कुठे मागच्या डिकीत बसवलेल्या पेटीत असायची.

२००४ मध्ये हॉलंडच्या टॉमटॉम कंपनीने 'गो' नावाची डबी आणली. २००५ मध्ये अमेरिकेच्या गार्मिनची 'नुवी' आली. काचेला रबरी वाटीने चिकटवा, सिगारेट लायटरच्या भोकात वायर खुपसा आणि निघा. काम झालं की काढून पर्समध्ये टाका. घरातल्या दुसऱ्या गाडीला लावा, भावाला चार दिवस वापरायला द्या. या टॉमटॉमच्या चार संस्थापकांत कोरीन विग्रो ही एक बाई आहे, हेही सांगायला हवं.

बसवलेल्या यंत्राच्या किमतीच्या काही हिश्शात ही डबी मिळायची. मग ज्यांनी गाडीबरोबर महागडं यंत्र घेतलं होतं, त्यांचा जळफळाट सुरू झाला.

असून अडचण, नसून खोळंबा

त्यांच्या तक्रारी काय होत्या, ते पाहा. पहिली तक्रार जुन्या नकाशाची. गाडी कारखान्यातून निघते तेव्हाच तिच्यातला नकाशा वर्ष-दोन वर्षं जुना असायचा, कारण गाडीची रचना खूप आधी ठरते. नवा नकाशा हवा तर विक्रेत्याकडून डीव्हीडी किंवा कार्ड विकत घ्यायचं. तेवढ्या पैशांत बाजारात नवीकोरी डबी मिळायची! मग कोण घेणार? लोक नकाशा बदलतच नव्हते आणि यंत्र नव्या पुलावरून जाताना गाडी नदीत चालली आहे असं दाखवायचं.

आपल्याकडची उदाहरणं घ्या. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि ७०१ किलोमीटरचा पूर्ण रस्ता जून २०२५ मध्ये खुला झाला. शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला. २०२० साली घेतलेल्या गाडीत जर कार्डावरचा नकाशा असेल आणि तो कधीच बदलला नसेल, तर त्या गाडीच्या लेखी यातलं काहीच अस्तित्वात नाही. एवढंच कशाला, ती गाडी औरंगाबाद, उस्मानाबाद आणि अहमदनगर ओळखेल; छत्रपती संभाजीनगर, धाराशिव आणि अहिल्यानगर शोधायला सांगितलं तर गोंधळून जाईल.

दुसरी तक्रार ऐकून तुम्हाला हसू येईल. अनेक गाड्यांत, विशेषतः जपानी कंपन्यांच्या, गाडी चालू असताना पत्ता टाइप करायला बंदी होती. चालवणाऱ्याचं लक्ष विचलित होऊ नये म्हणून. हेतू चांगलाच. पण यंत्राला हे कळत नव्हतं की शेजारच्या सीटवर एक माणूस मोकळा बसलाय! नवरा गाडी चालवतोय, बायकोला पत्ता घालायचाय, तर स्क्रीन म्हणतो, आधी गाडी थांबवा. हायवेवर मध्येच कशी थांबवणार? सुटी डबी मात्र तिने हातात घ्यावी, पत्ता घालावा आणि परत लावावी. शेजारी बसणाऱ्या बाईचं कसब कंपनीने हिशेबातच धरलं नव्हतं.

तिसरी तक्रार आयुष्याची. गाडी बारा-पंधरा वर्षं टिकते. त्यातलं इलेक्ट्रॉनिक यंत्र मात्र तीन-चार वर्षांत म्हातारं होतं. पूर्वी टेप, रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर एकाच पेटीत मिळायचा, आठवतं? एक बिघडलं की सगळी पेटी दुरुस्तीला. तसंच हे. अमेरिकेत जानेवारी २०२२ मध्ये होंडाच्या अनेक जुन्या गाड्यांतली घड्याळं अचानक २००२ सालात गेली, कारण नेव्हिगेशनच्या यंत्रातला तारखेचा हिशेब चुकला. कंपनीने सांगितलं, ऑगस्टमध्ये आपोआप ठीक होईल! त्याच वर्षी तिथलं जुनं थ्री-जी मोबाइल जाळं बंद झालं आणि त्यावर चालणाऱ्या कित्येक गाड्यांच्या ऑनलाइन सोयी बंद पडल्या. गाडी धडधाकट, पण तिचे कान गेले.

हातातल्या डबीचेही नखरे

सुटी डबी म्हणजे सगळं गोड असंही नाही. युरोपात, विशेषतः ब्रिटनमध्ये, गाडीची काच फोडून डबी पळवणाऱ्या चोरांचा सुळसुळाट झाला. डबी काढून ठेवली तरी काचेवर रबरी वाटीचा गोल डाग राहायचा. तो बघून चोर ओळखायचे की डबी आत कप्प्यात असणार. मग पोलिसांनी लोकांना सांगितलं, उतरताना तो डागही पुसत जा!

शिवाय वायर लोंबकळते, उन्हात डबी तापते, खड्ड्यात वाटी सुटून खाली पडते. आणि बोगद्यात उपग्रह दिसला नाही की डबी गप्प. इथे बसवलेल्या यंत्राची बाजू वरचढ आहे, हे मान्य करायलाच हवं. ते गाडीच्या चाकांशी जोडलेलं असल्याने बोगद्यातही किती अंतर कापलं याचा अंदाज ठेवतं. पडदा मोठा, चोरीची भीती नाही, बॅटरी संपायची चिंता नाही.

या दोघांच्या भांडणात लोणी पळवलं तिसऱ्यानेच. २८ ऑक्टोबर २००९ रोजी गूगलने अमेरिकेत मोबाइल फोनवर बोलून रस्ता दाखवणारा नकाशा फुकट दिला. त्या दिवशी गार्मिन आणि टॉमटॉमचे शेअर सपाटून पडले. जी डबी विकत घ्यावी लागत होती, तिचं काम फोनच करू लागला. २०१२ च्या जे. डी. पॉवर या संस्थेच्या अमेरिकेतल्या पाहणीत एक गंमत दिसली. गाडीत यंत्र बसवून घेतलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे लोक गाडीत फोनवरचा नकाशाही वापरत होते! विकतचं घरात पडून आणि शेजारणीकडचं वापरायचं, तसलाच प्रकार.

आपल्याकडे डब्यांचा काळ अगदीच थोडा ठरला. राकेश आणि रश्मी वर्मा या दांपत्याने १९९५ मध्ये भारताचे डिजिटल नकाशे बनवायला सुरुवात केली. तीच पुढे 'मॅपमायइंडिया' म्हणून ओळखली गेली. त्यांच्या डब्याही बाजारात आल्या. पण मोठ्या शहरांबाहेर त्या फार पोचल्याच नाहीत. २०१६ मध्ये जिओमुळे इंटरनेट स्वस्त झालं आणि छोट्या गावातल्या बाईच्या हातात थेट फोनवरचा नकाशा आला. मधली एक पायरी आपण गाळूनच टाकली. आज आपल्यासाठी 'हातातला वाटाड्या' म्हणजे फोन.

पडदा गाडीचा, नकाशा फोनचा

गाडी कंपन्यांनाही हे कळलं. २०१४ पासून अ‍ॅपलचं कारप्ले आणि २०१५ पासून गूगलचं अँड्रॉइड ऑटो आलं. यात पडदा गाडीचा, पण त्यावर नकाशा फोनमधला. फोन बदलला, नकाशा सुधारला की गाडीतलं चित्रही आपोआप नवं. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी राहतो म्हणतात, पण इथे मात्र दोन्हीकडचं चांगलं तेवढं पदरात पडतं.

तरी कंपन्यांचा जीव या पडद्यात अडकलेलाच आहे. कारण पडद्यावरून वर्षाला वर्गणी घेता येते आणि गाडी कुठे कुठे फिरते ही माहितीही मिळते. बीएमडब्ल्यूने अमेरिकेत कारप्लेसाठी वर्षाला ऐंशी डॉलर मागायला सुरुवात केली आणि लोक ओरडल्यावर २०१९ मध्ये ते मागे घेतलं. २०२३ मध्ये जनरल मोटर्सने जाहीर केलं की आपल्या नव्या विजेच्या गाड्यांत फोनचा नकाशा दाखवण्याची सोयच देणार नाही, आमचीच प्रणाली वापरा. म्हणजे गाडी तुम्ही विकत घेतलीत, पण त्यातला वाटाड्या भाड्याचा!

बाईचा आवाज चालतो, बाईचा हक्क?

आता जरा आपल्या जिव्हाळ्याचा भाग. या यंत्रांतला आवाज बहुतेक वेळा बाईचाच असतो. कॅरन जेकबसन ही ऑस्ट्रेलियन गायिका. तिने २००२ मध्ये एका कामासाठी आवाज ध्वनिमुद्रित केला आणि तो पुढे लाखो यंत्रांतून 'डावीकडे वळा' सांगत राहिला. पण हे सगळ्यांना रुचलं असं नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक क्लिफर्ड नास एक किस्सा सांगत. एका जर्मन कंपनीच्या गाडीतल्या यंत्राला बाईचा आवाज होता, तर काही पुरुष ग्राहकांनी तक्रार केली, 'आम्हाला बाईकडून रस्ता विचारायचा नाही!' यंत्र अचूक सांगतंय की नाही, हा प्रश्नच नव्हता. घरोघरी मातीच्या चुली, दुसरं काय!

हा हसण्यावारी नेण्याचा किस्सा झाला. दुसरी बाजू गंभीर आहे. नव्या गाड्यांतली बसवलेली प्रणाली मोबाइलवरच्या एका खात्याशी जोडलेली असते. ज्याच्या नावावर खातं, त्याला घरबसल्या दिसतं की गाडी आत्ता कुठे उभी आहे. गाडी चोरीला गेली तर ही सोय देवासारखी वाटते. पण नवरा-बायकोत बिनसलं असेल तर? २०२३ च्या अखेरीस न्यूयॉर्क टाइम्सने अमेरिकेतल्या अशा बायकांच्या कहाण्या छापल्या. छळाला कंटाळून घर सोडलेल्या बाईचा ठावठिकाणा तिच्या गाडीनेच नवऱ्याला सांगितला होता. तिने कंपनीकडे विनवण्या केल्या, पण उत्तर मिळालं, आमचा ग्राहक तो आहे! अखेर २०२४ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने कायदा केला की अशा पीडित व्यक्तीने मागणी केली तर गाडीवरचा दुसऱ्याचा ताबा तोडावा लागेल.

हे परदेशातलं म्हणून सोडून देऊ नका. आपल्याकडे अशा 'कनेक्टेड' गाड्या सर्रास विकल्या जातात. आणि आपल्या घरात गाडी कुणाच्या नावावर असते? खातं कुणाच्या फोनवर उघडलेलं असतं? चालवते सून, पण ती माहेरी गेली की मैत्रिणीकडे, हे दुसऱ्याच कुणाच्या मोबाइलवर दिसतं. फोनवरूनही माग काढता येतोच. पण फोन स्वतःचा असेल तर आपण कुठे आहोत हे कुणाला दाखवायचं, हे सेटिंगमध्ये जाऊन आपल्याला ठरवता येतं. गाडीत बसवलेल्या प्रणालीत ते बऱ्याचदा आपल्या हातात नसतं. म्हणून बसवलेला की हातातला, हा प्रश्न फक्त पैशांचा नाही. तो आपल्या मोकळेपणाचाही आहे.

नकाशा म्हणजे दगडावरची रेघ नव्हे

याचा अर्थ फोनवर डोळे मिटून विश्वास ठेवायचा असाही नाही. जानेवारी २०२१ मध्ये आपल्याच अकोले तालुक्यात, कोतूळजवळ, रात्रीच्या वेळी नकाशाच्या भरवशावर निघालेली गाडी धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावरून थेट पाण्यात गेली. दोघं पोहून बाहेर आले, चालवणारा वाचला नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या पुलावरून गाडी खाली कोसळून तिघांचा जीव गेला. पुलाचा पुढचा भाग पुरात वाहून गेला होता, नकाशात मात्र तो साबूत होता आणि रस्त्यावर पुरेसे अडथळेही नव्हते. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याला निघालेलं एक कुटुंब बेळगावजवळ खानापूरच्या जंगलात रात्रभर अडकलं. मोबाइलला रेंज मिळावी म्हणून काही किलोमीटर चालावं लागलं, तेव्हा कुठे ११२ नंबरला फोन लागला आणि पोलिसांनी सुटका केली. जुलै २०२५ मध्ये बेलापूरला एका महिलेची गाडी मध्यरात्री पुलाऐवजी पुलाखालच्या रस्त्याला लागली आणि जेट्टीवरून खाडीत पडली. सागरी सुरक्षा पोलिसांनी तिला वाचवलं, हे नशीब.

या चारही घटनांत उपग्रहाची चूक नव्हती. गाडी कुठे आहे हे यंत्राला कळत होतं. पण समोरचा रस्ता आज, आत्ता कसा आहे, हे त्याला माहीत नव्हतं. पूल पाण्याखाली गेला, वाहून गेला, ही माहिती कुणीतरी नकाशात घालावी लागते. ती आपोआप येत नाही. शहरात लाखो फोन एकाच वेळी रस्त्यावर असतात, त्यामुळे कुठे गर्दी आहे, कुठला रस्ता बंद आहे हे लवकर कळतं. आपल्या आडगावच्या रस्त्यावरून दिवसाला दहा गाड्या जातात. तिथला बदल नकाशाला कोण सांगणार? म्हणूनच छोट्या गावात नकाशा जास्त चुकतो. आणि पूल तुटला असेल तर तिथे दगड, ड्रम, लाल फलक लावणं हे बांधकाम खात्याचं काम आहे. नकाशाच्या नावाने बोटं मोडून ती जबाबदारी संपत नाही.

मग आपण काय करायचं?

पहिलं, फक्त इनबिल्ट नेव्हिगेशनसाठी टॉप मॉडेल घेऊ नका. एअरबॅग किंवा चांगले ब्रेक मिळत असतील तर जरूर पैसे वाढवा, ते सत्कारणी लागतील. पडद्यावर फोनचा नकाशा दिसत असेल तर तेवढं पुरे आहे. ही सोय त्याच्या खालच्या मॉडेलमध्येही आहे का, हे नेटाने विचारा.

दुसरं, तरी बसवलेलं यंत्र घ्यायचंच असेल तर तीन प्रश्न विचारा आणि उत्तर कागदावर मागा. नकाशा किती वर्षं फुकट बदलून मिळेल? त्यानंतर किती पैसे? आणि वर्गणी भरली नाही तर काय काय बंद पडेल? तोंडी 'होऊन जाईल मॅडम' यावर जाऊ नका.

तिसरं, गाडीचं ऑनलाइन खातं कुणाच्या नावाने आहे ते पाहा. गाडी तुम्ही चालवत असाल तर तुमचाही फोन त्यात नोंदवा. जुनी गाडी विकत घेतली असेल तर आधीच्या मालकाचं खातं काढून टाकायला लावा. आपली गाडी विकताना घरचा पत्ता आणि नंबर पडद्यातून पुसून द्या.

चौथं, लांब निघायच्या आदल्या रात्री, घरी चांगली रेंज असताना, त्या भागाचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा. गूगल मॅपमध्ये ही सोय आहे. आधी सांगितलंच आहे, जागा कळायला इंटरनेट लागत नाही. नकाशा फोनमध्येच असला की घाटात रेंज गेली तरी रस्ता दिसत राहतो. बरोबर चार्जरची वायर हवीच. विश्वासातल्या एका माणसाला आपला प्रवास पाठवून ठेवा.

पाचवं, फोन हातात धरून गाडी चालवू नका. १ ऑक्टोबर २०२० पासून मोटार वाहन नियमांत रस्ता बघण्यापुरता फोन वापरायला मुभा आहे, पण चालवणाऱ्याचं लक्ष विचलित होता कामा नये. दोनशे-तीनशे रुपयांचा होल्डर घ्या आणि पत्ता गाडी सुरू करण्याआधीच घाला. शेजारी कुणी असेल तर फोन त्यांच्या हाती द्या.

आणि शेवटचं, पावसाळ्यात किंवा रात्री नकाशाने अनोळखी, अरुंद, अंधाऱ्या रस्त्याला वळायला सांगितलं तर थांबा. चहाच्या टपरीवर, पेट्रोल पंपावर, एसटी स्टँडवर विचारा. 'काका, पुढे पूल चालू आहे ना?' एवढं विचारायला काही कमीपणा नाही. फोनवरच्या मोठ्या कंपन्यांनाही अखेर आपल्या लोकांची रीत शिकावी लागली. आपण 'दोनशे मीटरवर डावीकडे' असं सांगत नाही, तर 'मारुतीच्या देवळापुढून वळा' असं सांगतो. २००९ च्या सुमारास गूगलने भारतातल्या नकाशात देऊळ, पंप, शाळा अशा खुणा सांगायला सुरुवात केली ती याच कारणाने.

ग्लॅडिस वेस्ट यांना उतारवयात कुणीतरी विचारलं होतं की तुम्ही गाडीत जीपीएस वापरता का? कागदी नकाशाच बरा वाटतो, असं त्यांचं म्हणणं होतं. ज्या बाईने आयुष्यभर त्या यंत्रामागचं गणित केलं, ती रस्ता आपल्या डोळ्यांनी पाहणं पसंत करत होती. यंत्र वापरा, जरूर वापरा. माहेरी, दवाखान्यात, मुलाच्या परीक्षेला परगावी एकटीने गाडी घेऊन जायचं बळ त्याने दिलंय, हे काही थोडकं नाही. फक्त त्याची किल्ली आपल्याकडे असू द्या आणि पुढचं वळण घ्यायचं की नाही, हे ठरवणं त्याच्यावर सोडू नका.